चारशे बारा नंबरची काच

पहिली काडी तिला एकोणचाळिसाव्या वर्तुळात दिसली.

निळ्या रंगावर एकच बारीक, किंचित वाकलेली लाल काडी. तिने डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. काडी तिथेच होती. तिने शेजारच्या कागदावर एक उभी रेघ मारली आणि काच पुढे सरकवली. काच अशी सरकवत, भिंगातून दिसणारी शंभर वर्तुळे पाहून झाल्याशिवाय निकाल लिहायचा नाही, हा नियम होता. सदुसष्टाव्या वर्तुळात दुसरी काडी मिळाली. त्याच वर्तुळाच्या कडेला तिसरी. चौऱ्याण्णवाव्यात चौथी.

शंभरात चार. क्षयाचे जंतू थोडे होते, पण होते.

ती स्टुलावर तशीच बसून राहिली. या वेळी तुरुंगाचे साहेब काहीही म्हणोत, डोळ्यांना दिसेल तेच लिहायचे, असे ठरवून ती सकाळी घरातून निघाली होती. डोळ्यांना काही दिसणार नाही, अशी तिची खात्री होती.

तुरुंगाच्या दवाखान्यातली ही एका खिडकीची प्रयोगशाळा ती सव्वीस वर्षे सांभाळत होती. पहारेकरी तिला काचबाई म्हणायचे, कारण तिच्या हातात कायम काचपट्ट्यांचा ट्रे असायचा आणि ती तो घेऊन इतक्या सावकाश चालायची की जिन्यात मागचे लोक तुंबायचे. आजची थुंकी मास्तरांची होती. मास्तर म्हणजे शाळेचे छप्पर कोसळले तेव्हा, सरकारने तीन मुले गेली असे सांगितल्यावर, भर सभेत उभे राहून अकरा नावे वाचून दाखवणारा माणूस. त्यांना उचलले गेले. खटला उभाच राहिला नाही. शेवटी न्यायालयाने त्यांना सोडण्याचा हुकूम दिला.

हुकूम आला त्या दिवशी साहेबांनी तिला बोलावले होते. संसर्गाचा रोग असलेल्या कैद्याला थुंकी स्वच्छ होईपर्यंत अलग ठेवता येते, असा एक जुना नियम होता. साहेबांना त्या नियमात बसणारा एक कागद हवा होता. त्यांनी धमकी दिली नाही. "मुलगी नर्सिंगला आहे ना? शेवटचं वर्ष? छान," एवढेच म्हणाले.

तिने नमुना घेतला, रंगवला, शंभर वर्तुळे पाहिली. एकही काडी नव्हती. मग नोंदवहीत चारशे बारा नंबरसमोर तिने "दोन अधिक" असे लिहिले आणि सही केली. दोन अधिक म्हणजे भरपूर जंतू.

तेव्हापासून मास्तर क्षयाच्या खोलीत होते. सात महिने. पुढचे नमुने कोणी आणलेच नाहीत; आजचा साहेबांनी मागवला होता, बाहेरून कोणी तपासायला येईल या धास्तीने. कागदोपत्री गोळ्या चालू होत्या. खऱ्या गोळ्या द्यायची गरज कोणाला वाटली नव्हती, कारण आजार नाही हे डॉक्टरांना ठाऊक होते.

ती आजचा निकाल सांगायला गेली तेव्हा साहेबांनी चहा मागवला होता.

"बसा, काचबाई. किती निघाले?"

"चार. शंभरात चार."

"चार म्हणजे आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर!" साहेब खुर्चीत रेलले. "याला म्हणतात बोलाफुलाला गाठ. सात महिन्यांपूर्वी तुम्ही लिहिलंत ते आज खरं झालं. आता येऊ दे कोणाला यायचं ते तपासायला. मी स्वतः गेट उघडतो."

"साहेब, तेव्हा काहीच नव्हतं."

"तेव्हाचं तेव्हा."

"आठ आजारी माणसांच्या खोलीत तुम्ही त्यांना ठेवलंत, म्हणून हे..."

"मी ठेवलं?" साहेबांचा आवाज जराही चढला नाही. "बाई, हा माणूस आजारी आहे असा कागद माझ्याकडे आला. कागद कोणी दिला? आजाऱ्याला आजाऱ्यांत ठेवायचं नाही, तर काय माझ्या घरी पाहुणा म्हणून न्यायचं?"

तिने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

टेबलावर यादी होती. मास्तरांच्या बायकोने आणि एका वकीलबाईंनी बाहेरच्या देशांकडे अर्ज केला होता. मास्तरांना बेकायदा डांबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घाला. त्यांची तुमच्याकडची खाती गोठवा, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना तुमच्या देशांत पाऊल ठेवू देऊ नका. अर्जाला नावे जोडली होती. गेले चार दिवस सगळ्या तुरुंगात त्याच गप्पा होत्या.

"माझा नंबर तिसरा," साहेब म्हणाले. "डॉक्टर पाचवे. तोंड पाडून बसलेत. हेडक्लार्कचं नाव नाही म्हणून तो वेगळाच रुसलाय. मी म्हटलं, मला कुठे जायचंय परदेशात? सासुरवाडीला जायला व्हिसा लागत नाही." ते हसले आणि बोट खाली नेले. "तुमचंही नाव नाही बरं का. हे बघा, सात नंबर. 'प्रयोगशाळेतील कर्मचारी, नाव अज्ञात.' त्यांना एवढंच कळलंय की कोणीतरी सही केली. अज्ञात आहात, सुखात आहात. मुलगी कधी निघत्ये?"

"वीस तारखेला."

"हॉस्पिटलात लागली ना तिकडे? पोरीनं नाव काढलं." त्यांनी यादीची घडी घातली. "आजचा रिपोर्ट सहीसकट दुपारपर्यंत पाठवा."

खात्री करायला दुसरा नमुना लागतो. तो आणायला एरवी शिपाई जायचा. आज ती स्वतः गेली.

खोलीत आठांच्या जागी नऊ खाटा होत्या. खिडकी होती, पण ती उघडायची कडी बाहेरच्या बाजूला होती. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. मानेची हाडे मोजता आली असती. तिने डबी पुढे केली.

"काचबाई ना तुम्ही?" ते म्हणाले. "नाव ऐकून होतो. या वेळी खरंच निघालं वाटतं."

"कशावरून म्हणता?"

"स्वतः आलात की."

ते डबी हातात घेऊन खोकले आणि डबी परत देताना झाकण नीट बसले आहे ना, ते दोनदा दाबून पाहिले.

"मी विज्ञान शिकवायचो," ते म्हणाले. "पोरं आधी उत्तर लिहायची आणि मग प्रयोग करायची. केवढा ओरडायचो मी त्यांना." ते थांबून श्वास घेऊ लागले. "किती आहेत?"

"चार. शंभर वर्तुळांत."

"आज मंगळवार. ही कपडे घेऊन गेटवर येईल. तिला सांगाल? पण चार म्हणजे चारच सांगा. तिला मोघम बोललेलं चालत नाही."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "मास्तर, आमच्या बाईला पण कळवायला सांगा, मी अजून जिवंत आहे. तिचा विश्वास बसणार नाही म्हणा."

खोलीत दोघे-तिघे हसले आणि हसता हसता खोकू लागले.

पाहिलेल्या काचा फेकायच्या नाहीत, पेटीत क्रमाने लावून ठेवायच्या, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. वर्षातून एकदा बाहेरचा तपासनीस येऊन त्यांतल्या काही पुन्हा पाहायचा. नऊ वर्षांत कोणी तपासनीस आला नव्हता. अशा पेट्या असतात हे साहेबांना माहीतही नसावे. ती मात्र दर संध्याकाळी काचा पुसून खाचेत बसवत आली होती. चारशे बाराही बसवली होती. खोटे लिहिल्यावरसुद्धा काच फेकायला हात धजला नव्हता. तो धीर नव्हता, सवय होती.

तिने ती काच काढली. कोपऱ्यात तिच्याच हाताने कोरलेला नंबर आणि तारीख. उजेडाला धरली तर फिकट निळा डाग, बाकी काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी बाकी काही नव्हते. तिने ती रुमालात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवली.

गेटवर मास्तरांची बायको रांगेतून बाहेर आली होती. कपड्यांची पिशवी आत गेली होती, मळकी पिशवी तिच्या हातात होती.

"मी आत काम करते," काचबाई म्हणाली. "मास्तरांनी निरोप दिलाय. त्यांना क्षय झालाय. थुंकीत जंतू सापडले. शंभर वर्तुळांत चार. फार नाहीत. औषध आत्ता सुरू झालं तर बरे होतील."

"हे तर सात महिने सांगताहेत. भरपूर जंतू आहेत म्हणे."

"तेव्हा एकही नव्हता. आज चार आहेत."

बायकोने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्हाला काय माहीत?"

"तेव्हाचं मीच लिहिलंय."

पहारेकऱ्याने पुढचे नाव पुकारले. रांग एक पाऊल सरकली.

"तुम्ही मागे एकदा मला सांगितलं होतंत," बायको म्हणाली, "ऊन लागतंय, भिंतीच्या सावलीत उभ्या राहा. मी घरी जाऊन जावेला सांगितलं, आत एक तरी माणूस आहे म्हणून."

काचबाईने चष्म्याची डबी उघडून रुमाल पुढे केला. "ही तेव्हाची काच. नंबर, तारीख कोरलेली आहे. कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत दाखवा."

बायकोने काच घेतली, पण तिचा चेहरा सैल झाला नाही. "वकीलबाई विचारतील, ही काच त्यांचीच कशावरून? काच काय बोलणार? सही करणारं माणूस पुढे यायला हवं."

"मला साक्षीदार म्हणून..."

"साक्षीदार व्हाल, यादीतही याल. सही केली तो यादीत, असं आमचं ठरलंय. एकाला वगळलं की बाकीचे म्हणतील, आमच्यावरही वरून दबाव होता. दबाव तर सगळ्यांवरच होता ना, बाई?"

"माझी मुलगी परदेशात नोकरीला निघालीये. वीस तारखेला."

बायको म्हणाली, "हे मला सांगायला नको होतंत."

"हो."

"मी काच घेऊन जाते. नाव नाही विचारत." तिने रुमालाची घडी घातली. "पण मग ही नुसती काच."

तुरुंगाच्या भिंतीवर दुपारचे ऊन सरळ पडले होते. आता भिंतीला सावली नव्हती. काचबाईने पर्समधून पेन काढले. बायकोने पिशवीच्या तळातून यादीची प्रत काढली. पहारेकऱ्यांना दिसू नये म्हणून पिशवी हातात येताच तिने ती मळक्या सदऱ्यात गुंडाळली होती. सातव्या नंबरवरचा 'अज्ञात' हा शब्द काचबाईने खोडला आणि तिथे आपले पूर्ण नाव, हुद्दा आणि नोकरीची वर्षे लिहिली. अक्षर नोंदवहीतल्यासारखेच आले.

घरी लेक बॅग काट्यावर ठेवून वाकून आकडा वाचत होती.

"आई, दीड किलो जास्त होतंय. दोन स्वेटर काढू की पुस्तकं?"

"बस जरा."

"आधी सांग ना, काय काढू?"

"बस, बाळ."

तिने सांगितले. क्रमाने सांगितले: हुकूम, चारशे बारा, आजच्या चार, यादी. लेकीने मध्ये एकदाही तोडले नाही. नर्सिंगला गेल्यापासून तिलाही पूर्ण ऐकून घ्यायची सवय लागली होती.

"माझ्यासाठी लिहिलंस खोटं?" शेवटी तिने विचारले.

"तेव्हा तसं वाटलं. आता कळत नाही."

"आणि खरं? ते कोणासाठी?"

आईने काट्यावरच्या बॅगेचा पट्टा सरळ केला.

"मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं," लेक म्हणाली.

"म्हणूनच नाही विचारलं."

"वा. दोन्ही वेळा तूच ठरवलंस." ती उठली. बॅग काट्यावरून उतरवली, साखळी उघडली आणि एकेक वस्तू काढून पलंगावर ठेवू लागली. पुस्तके, पांढरे बूट, दोन्ही स्वेटर. काहीही न आपटता, घडी न मोडता. बॅग रिकामी झाल्यावर तिने ती परत काट्यावर ठेवली आणि आकडा पाहिला, तो का पाहिला ते तिलाही सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी काचबाई नेहमीच्या वेळी प्रयोगशाळेत आली. दुसऱ्या नमुन्यात तीन काड्या होत्या. तिने तीन लिहिल्या आणि आजपासून औषध सुरू करावे, असा शेरा डॉक्टरांना उद्देशून वेगळ्या कागदावर लिहिला. त्याची प्रत स्वतःकडे ठेवली.

मग सात महिन्यांपूर्वीचे पान उघडले.

नोंद चुकली तर ती खोडरबराने पुसायची नाही, काळी करायची नाही, हे तिला पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले होते. मधून एकच रेघ ओढायची. खालचे वाचता आले पाहिजे. बाजूला खरा निकाल लिहायचा, त्यापुढे सही, आणि तारीख आजची.

तिने पट्टी ठेवली आणि "दोन अधिक"वर एक रेघ ओढली. बाजूला लिहिले, "जंतू आढळले नाहीत." सही केली. तारीख घातली. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

जिन्यात बुटांचा आवाज आला. तो तिच्या मजल्यावर येतो आहे की वर जातो आहे, हे अजून कळत नव्हते. तिने पेटी उघडून आजची काच पुसली आणि तिच्या खाचेत बसवली. वरच्या ओळीत चारशे अकरा आणि चारशे तेरा यांच्यामधली खाच रिकामी होती.