अक्रोड निवडणारा

आमच्या खोऱ्यात कुणाच्या अपंग भत्त्याच्या अपिलाची तारीख लागली की लोक आधी एकच विचारतात, जज कोण? दुखणं काय, मणका कुठला, फुप्फुस किती उरलंय, ते सगळं नंतर. जज दोनच. बाई जज मिळाली तर दहातल्या सातांना भत्ता मिळतो. थॅकस्टन मिळाला तर पाचात एकाला. कोण मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो, म्हणजे निव्वळ सोडत. त्या सोडतीसाठी दीड-दीड वर्ष डोळे लावून बसायचं, आणि निघायचा थॅकस्टन.

माझ्या नवऱ्याला, व्हर्लिनला, थॅकस्टनच निघाला होता.

व्हर्लिन कोळशाच्या खाणीत छत कोसळू नये म्हणून त्याला बोल्ट मारायचा. एक दिवस ते छतच त्याच्या पाठीवर बसलं. पन्नाशी उलटलेली असली तर नियम जरा सैल असतात, पण हा चव्वेचाळीसचा. सुनावणीला मी साक्षीदार म्हणून शेजारी बसले होते. समोर वेंडेल प्रुइट नावाचा एक गुळगुळीत टायवाला, नोकऱ्यांचा तज्ज्ञ. असा माणूस कुठलं काम करू शकेल, ते हा शपथेवर सांगणार. एक जरी काम निघालं तरी भत्ता नाही. जजने विचारलं, आणि प्रुइटने मान वर न करता सांगितलं, "अक्रोड निवडणारा. बसून करायचं काम. देशात अशा हजारो जागा आहेत."

"वकीलसाहेब, काही प्रश्न?"

"काही नाही," आमचा वकील म्हणाला. त्याला पुढची केस होती.

खेळ खलास. बाहेर प्रुइट यंत्रातून कॉफी घेत उभा होता. काठी टेकत चाललेल्या व्हर्लिनला तो म्हणाला, "धीर धरा." वर खांद्यावर थापही मारली.

गाडीत व्हर्लिनने काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. मग म्हणाला, "ऑर्फा, कुठं असतात गं हे अक्रोड? मी जातो ना निवडायला. खरंच जातो."

आमच्या अंगणात काळ्या अक्रोडाची दोन झाडं आहेत. दर शरदात अक्रोड रस्त्यावर पसरतो आणि वरून ट्रक नेतो, म्हणजे साली निघतात. हात महिनाभर काळे राहतात. निवडायला पगारी माणूस ठेवलेला मी जन्मात पाहिला नाही. त्या शरदात व्हर्लिन खुर्ची टाकून अंगणात बसला, एक-एक अक्रोड उचलून बघायचा आणि म्हणायचा, "हा चांगला. हा किडका. माझा पगार काढा." मी हसायचे. पुढचं अपील रांगेत असतानाच, औषधांना पैसे नसलेल्या थंडीत, तो गेला.

मी रडत बसले नाही. वकील नसलात तरी परीक्षा देऊन सुनावणीत लोकांची बाजू मांडता येते. मी परीक्षा दिली, बंद पडलेलं ब्युटी पार्लर भाड्याने घेतलं आणि खोऱ्यातल्या लोकांच्या केसेस चालवायला लागले. तज्ज्ञाला कसं सोलायचं ते मी शिकले. "तुम्ही हे काम करणारा माणूस शेवटचा कधी पाहिलात?" एवढं विचारलं की भलेभले घाम पुसतात. थॅकस्टनसमोरसुद्धा माझे निम्मे लोक सुटायला लागले.

आणि सहा वर्षांनी प्रुइट माझ्या दारात आला.

लकवा मारलेला. उजवा हात लोंबता, जीभ जड, वय सत्तेचाळीस. सुनावणीमागे पैसे मिळायचे त्याला, सुनावण्या संपल्या तसे पैसेही संपले. वकील त्याला दारात उभं करेनात. मला त्याने ओळखलं नाही.

"लोक म्हणतात, तुम्ही सगळ्यात चांगल्या आहात," तो म्हणाला.

"लोक खरं बोलतात," मी म्हटलं. "बसा."

माझी नणंद डेल्फिया माझ्याकडे फोन सांभाळते. तो गेल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या भावाला खाल्लं त्या मेल्यानं! आणि तू त्याला भत्ता मिळवून देणार?"

"मी भत्त्याचं नावसुद्धा काढलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. "मग मी आपली कॉफी टाकते."

माणसाच्या घरात खायला नसेल, डोक्यावरचं छप्पर जाणार असेल, तर तातडीचा अर्ज करता येतो. केस रांगेतून उचलून पुढे घेतात. माझ्या प्रत्येक माणसासाठी मी तो करते. प्रुइटसाठी केला नाही. व्हर्लिन जितका थांबला तितका हा थांबणार होता.

दर आठवड्याला त्याचा फोन यायचा. "काही कळलं का हो बाई?"

"रांग मोठी आहे, प्रुइटसाहेब. धीर धरा."

आधी त्याची मासेमारीची बोट गेली. मग ट्रक गेला. मग घर गेलं आणि तो चुलतभावाच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहायला लागला. चर्चमध्ये फुकट डबे वाटतात, तिथल्या रांगेत मी त्याला डाव्या हाताने बीन्सचे डबे छातीशी धरताना पाहिलं. मला कीव यायला हवी होती. नाही आली. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

तारीख लागली. जज कोण? थॅकस्टन. मी डेल्फियाला मिठी मारली.

त्याच्याकडे गाडी नव्हती, म्हणून मीच त्याला नेलं, व्हर्लिनच्या ट्रकमधून, व्हर्लिनच्या जागेवर बसवून. त्याने जुना टाय घातला होता. एका हाताने बांधलेला, वाकडा.

या वेळची तज्ज्ञ फोनवर होती. टेबलावरच्या डबीतून तिचा आवाज आला. "असा इसम अक्रोड निवडणारा म्हणून काम करू शकेल. देशात अशा हजारो जागा आहेत."

प्रुइटचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला काय विचारायचं ते त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. एका हाताने निवडता येतात का? कुणाला निवडताना पाहिलंय का? दोन प्रश्न आणि केस आमची.

"मिसेस गॅबर्ड, काही प्रश्न?" थॅकस्टनने विचारलं.

इतकी वर्षं मी या शब्दांची वाट बघत होते. "काही नाही, जजसाहेब."

"मला आहेत," प्रुइट म्हणाला. तो फोनच्या डबीकडे वळला. जीभ अडखळत होती, तरी शब्द कळत होते. "बाई, तुम्ही पाहिलाय का असा माणूस? कधी तरी? मी अकरा वर्षं ही नोकरी लोकांना सांगितली. शपथेवर. मी एकही पाहिला नाही. अशी नोकरीच नाही हो!"

हे वाक्य या खोलीत, या जजसमोर कुणीतरी बोलावं म्हणून मी जगले होते.

थॅकस्टनने चष्मा काढला. "मिस्टर प्रुइट, तुमच्या प्रतिनिधीने प्रश्न नाहीत असं सांगितलंय. सुनावणी संपली." आणि त्याने रेकॉर्डिंगचं बटण बंद केलं.

बाहेर ते कॉफीचं यंत्र अजून होतं. प्रुइट भिंतीला टेकून उभा राहिला. "का नाही विचारलंत?" तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांसाठी विचारता."

"व्हर्लिन गॅबर्ड," मी म्हटलं.

तो आठवायला लागला. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून. मी थांबले, कारण त्याला आठवायलाच हवं होतं.

"कुठला?" त्याने शेवटी विचारलं.

"खाणीतला. पाठ मोडलेला. त्याला तुम्ही अक्रोड निवडायला सांगितलेत."

"बाई," तो हळूच म्हणाला, "अक्रोड मी सगळ्यांनाच सांगायचो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, या माणसाने माझ्या व्हर्लिनकडे बघितलं आणि त्याला मारलं. त्याने बघितलंच नव्हतं. माझा राग कशाचा, ते ओळखायलाही त्याच्याकडे काही नव्हतं. मग मी त्याला सगळं सांगून टाकलं, तातडीच्या अर्जाचं, बोटीचं, घराचं. ते तरी त्याच्या लक्षात राहील.

मी पायऱ्या उतरून ट्रककडे निघाले, तेव्हा मागून आवाज आला. "मला घरी कसं जायचं?"

"अपंगांसाठी व्हॅन येते," मी म्हटलं. "आली तर. धीर धरा."

गाडी चालू केली. आरशात तो बाकावर बसलेला दिसला, डाव्या हाताने टायची गाठ सोडवत. ती सुटत नव्हती. मी थांबले नाही.