पाच वेळा घासलेलं पातं

"तीन बजे तक हो जाएगा न, रामटेकेजी?" धातुतज्ज्ञ विनीता सक्सेनांनी पुडी सोडून पात्याचा तुटका तुकडा टेबलावर ठेवला.

"दो बजे ले लीजिए, मैडम," श्रीपत म्हणाला. तुकडा त्याने अजून हातातही घेतला नव्हता.

हा ताठा त्याला शोभायचा. लखनौच्या त्या लहानशा सरकारी धातुपरीक्षणशाळेत बावीस वर्षं तो एकच काम करत आला होता. धातूचा तुकडा बेकेलाइटच्या काळ्या वडीत बसवायचा, एमरी कागदावर घासायचा, मग मखमली कापडाच्या फिरत्या चकतीवर इतका लखलखीत करायचा, की त्यात बघून भांग पाडावा. शेवटी आम्लात क्षणभर बुडवला की चकाकी उतरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे कण आणि त्या कणांच्या सीमा उघड्या पडतात. इतरांना एकेक तुकडा दोन-दोनदा घासावा लागे. श्रीपतचा पहिल्याच खेपेला तयार. दिल्लीचे पाहुणे आले की मोठे साहेब, म्हणजे माथुर साहेब, त्यांना मुद्दाम श्रीपतच्या चकतीपाशी घेऊन येत.

श्रीपतला त्या कौतुकाची केवढी गरज होती, हे मात्र साहेबांना ठाऊक नसावं. भंडाऱ्याकडचा हा बौद्ध घरातला मुलगा एकसष्ट साली इथे रुजू झाला, तेव्हा पाठीमागे 'कोटेवाला' म्हणून कुजबुजणारे कमी नव्हते. खरं तर कागदावर बौद्ध लिहिणाऱ्याला केंद्राच्या नोकरीत तेव्हा राखीव जागा नव्हतीच. तो सगळ्यांबरोबर परीक्षा देऊन आला होता. पण कुजबुजणाऱ्याला कागद दाखवायला कोण जातं? श्रीपत कुणाशी भांडला नाही. तो घासत राहिला. चार-पाच वर्षांत ती तोंडं बंद झाली, आणि ती आपल्या हातच्या चकाकीने बंद केली अशी त्याची पक्की समजूत होती.

आजच्या तुकड्यावर एका माणसाची भाकरी अवलंबून होती. डिझेल इंजिनाच्या टर्बोचार्जरमध्ये, जळत्या धुराच्या झोतावर गरगरणारं हे निकेलच्या मिश्रधातूचं पातं. रेल्वेच्या एका शेडमध्ये इंजिनाची चाचणी चालू असताना ते तुटून उडालं आणि मोहन नावाच्या फिटरचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशी करणाऱ्यांचं म्हणणं, त्याने इंजिन मर्यादेबाहेर पळवलं. मोहन दवाखान्याच्या खाटेवरून सांगत होता, नाही पळवलं. पातं आतून पोखरलेलं निघालं तर तो सुटणार होता. धातू निर्दोष ठरला तर पायापाठोपाठ नोकरीही जाणार होती.

त्यात आणखी एक गोष्ट होती. याच खेपेतल्या एका वापरलेल्या पात्याची तपासणी आठ महिन्यांपूर्वी इथेच झाली होती. पोकळ्या आढळल्या नाहीत, पाती वापरात ठेवण्यास हरकत नाही, असा अहवाल माथुर साहेबांच्या सहीने गेला होता. तेही पातं श्रीपतनेच घासलेलं.

दोनला दहा कमी असताना त्याने तुकडा विनीता मॅडमपुढे सरकवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "एकदम साफ है," त्या म्हणाल्या आणि हळू आवाजात पुढे बोलल्या, "बेचारा."

श्रीपतने सहज डोळा लावला. मोहनचं काय व्हायचं ते होवो, त्याला आधी दिसला तो एक ओरखडा. चकतीचं कापड जुनं झालं होतं. आपल्या हातचा तुकडा आणि त्यावर ओरखडा! "एक मिनट, मैडम," म्हणत त्याने तो परत घेतला, नवं कापड ताणलं, पुन्हा घासला, पुन्हा आम्लात बुडवला.

ओरखडा गेला होता. पण कणांच्या सीमेवर आता दोन-तीन काळे ठिपके होते. मघाशी ते नव्हते.

त्याने तिसऱ्यांदा घासला. ठिपके वाढले. पाचव्यांदा पाहिलं तेव्हा सीमेसीमेवर ते मुंग्यांसारखे रांगेने उभे होते.

त्याला सांगायला कुणी लागलं नाही. पातं महिनोन् महिने तापतं आणि ताणलं जातं, तसा धातू आतल्या आत हळूहळू सरकतो. कणांच्या सीमेवर बारीक पोकळ्या पडतात, पुढे त्या एकमेकींना मिळतात आणि एक दिवस पातं तुटतं. श्रीपतचा शेवटचा हात भारी असे. चकाकी यायची ती त्यानेच. त्याच हाताने धातूची पातळ साय ओढली जाऊन पोकळ्यांची तोंडं झाकली जात होती. आम्लात दरवेळी थोडी साय खाल्ली जायची, पण दुसरी वेळ येऊ देईल तो श्रीपत कसला! ज्यांना तो हसायचा, त्या दोनदा घासणाऱ्यांपैकी एखाद्याच्या हाती ते आठ महिन्यांपूर्वीचं पातं पडलं असतं, तर मोहन आज दोन पायांवर उभा असता.

कपाटातली त्या आठ महिन्यांपूर्वीच्या पात्याची वडी त्याने काढली. पाच वेळा घासली. तेच.

माथुर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही तुकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "बार-बार तेज़ाब में डालोगे तो गड्ढे बनेंगे ही, रामटेके. ये तुम्हारे ही बनाए हुए हैं."

"नहीं साहब."

"मार्च में मैं रिटायर हो रहा हूँ. तुम्हारा प्रमोशन भी लगभग हो चुका है." मग चष्मा पुसत, जरा मायेनेच, "और लोग तुम्हारे बारे में क्या कहेंगे, यह सोचा है?"

इतकं बोलून साहेबांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. श्रीपत दोन्ही वड्या उचलून बाहेर आला.

संध्याकाळी आलमबागच्या घरी तो ताटावर बसला, पण घास काही तोंडात जाईना.

"काहून जेवत नाही? सब्जी खारट झाली का?" त्याच्या बायकोने, कमलाने विचारलं.

मग त्याने सगळं सांगितलं. दहावीतली उल्का अभ्यास सोडून ऐकत बसली.

"मी कबूल केलं ना, तर म्हणतील, पाहा, शेवटी आपल्या लायकीवर गेला," श्रीपत म्हणाला. "बावीस वर्षं कमावलेलं एका कागदावर जाईल, कमला."

"ते लोक बावीस वर्षं म्हणूनच राह्यलेत," कमला म्हणाली. "तुम्ही चकाकी दाखवता म्हणून तोंडावर म्हणत नाहीत, एवढंच."

"पापा," उल्काने विचारलं, "बाकी इंजनों में भी यही ब्लेड लगे हैं?"

"लागलेत ना. चाळीसेक इंजिनं असतील."

"तो फिर?"

त्याने ताट पुढे ओढलं आणि तो जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने भांडारातून त्याच मिश्रधातूचं कोरं, कधीच न तापलेलं पातं मागवलं आणि विनीता मॅडमना शेजारी बसवून पाच वेळा घासलं, पाच वेळा आम्लात बुडवलं. एकही ठिपका उमटला नाही. गड्ढे श्रीपतने केलेले नव्हते. त्याने ते झाकले होते. मॅडमनी अहवाल इंग्रजीत लिहिला. त्याच्या खाली श्रीपतने स्वतःच्या अक्षरात हिंदीत लिहिलं: 'पहली जाँच में छिद्र मेरी पॉलिश से ढँक गए थे. ग़लती मेरे हाथ की है.' त्याखाली सही केली.

माथुर साहेबांनी तिन्ही तुकडे पुन्हा पाहिले, कागद दोनदा वाचला आणि सही केली. श्रीपतकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

जानेवारीत सगळ्या इंजिनांतली त्या खेपेची पाती उतरवली गेली. मोहनवरचा ठपका गेला. त्याला बसून करायचं काम मिळालं. प्रमोशनच्या यादीत श्रीपतचं नाव नव्हतं. कॅन्टीनमध्ये तो जुना शब्द परत आला, आणि या वेळी जरा मोठ्याने. श्रीपतला फार वाईट वाटलं. असं काही ऐकलं की तो चहा अर्धा टाकून उठत असे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर टाइप केलेला कागद लागला, तापलेल्या पात्यांचे नमुने पाच वेळा घासावेत म्हणून. खाली कुणाचंच नाव नव्हतं.

फेब्रुवारीच्या एका दुपारी दारात कुबडीचा आवाज झाला. दाढी वाढलेला, पस्तिशीचा एक माणूस उभा होता. "रामटेके साहब कौन हैं? मैं मोहन. शेड वाला."

श्रीपत उभा राहिला. त्याला साहेब कुणी म्हणत नसे, पण ती चूक सुधारायची ही वेळ नव्हती. "आइए," म्हणून त्याने स्वतःचं स्टूल पुढे केलं.

"वो चीज़ एक बार देखनी थी," मोहन म्हणाला.

श्रीपतने वडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, नजर लावून दिली. मोहन एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहत राहिला.

"इतना-सा?"

"हाँ. और ये पहले ही दिख जाना चाहिए था. मेरे हाथ से ढँक गया था," श्रीपत म्हणाला. त्याने नजर चुकवली नाही. शिवी येईल, कुबडी उगारली जाईल, आली तर घ्यायची, असं त्याने ठरवलंच होतं.

मोहनने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग असला तरी तो आता थकलेला होता. "एक काम कीजिए," तो म्हणाला. "मेरी घरवाली बाहर खड़ी है. बुला लूँ? इतने महीने वो भी यही समझती रही कि मैंने ही इंजन भगाया होगा."

श्रीपत स्वतः दारापर्यंत गेला. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई भिंतीला टेकून उभी होती. ती संकोचत आत आली. मोहन कुबडीच्या आधाराने उठला आणि त्याने तिला स्टुलावर बसवलं. कुठून पाहायचं हे तिला कळेना. तेव्हा श्रीपत खाली वाकला, नळी तिच्या डोळ्याच्या उंचीला आणली आणि दिव्याचा उजेड थोडा वाढवला.