इंदुबाईचं रजिस्टर

इंदुबाई खोटं लिहिते, हे आम्हां चौघांत पहिल्यांदा मीच म्हणालो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, आणि म्हणताना मला जरा आनंदही झाला होता. ते आठवलं की आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

आम्ही चौघं मुंबईत पदव्युत्तर शिकणारे, चार वेगवेगळ्या विषयांचे विद्यार्थी. आमच्या चार प्राध्यापकांनी मिळून एक संशोधन काढलं होतं. पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या अंगणवाड्यांमधली पोरं नीट वाढतायत की नाही, ते तपासायचं. मी हाशिम, राहणार रोहा, एम.ई. करत होतो. पोरांचं वजन अचूक दाखवणारा, बॅटरीवर चालणारा काटा बनवणं हे माझं काम. अनिता एम.एड.ची, तिने अंगणवाडी सेविकांना वजन कसं घ्यायचं, कसं लिहायचं ते शिकवायचं. प्रणितने सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. आणि प्रतिक्षा लहान मुलांची डॉक्टर होऊ घातलेली, तिने आजार ओळखायचे. सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. मी रोह्याहून एसटीने निघायचो, पेणला रामवाडीला उतरायचो आणि तिथून आमची जीप पकडायचो.

वाडीचं नाव सांगणार नाही. पेणपलीकडे, मिठागरांच्या बांधावर वसलेली साठेक घरांची वाडी, एवढं पुरे. थंडी पडली की बाया-बापे पहाटेपासून मिठागरात. अंगणवाडीची सेविका म्हणजे इंदुबाई. पन्नाशीची, काळीसावळी, कमी बोलणारी. तिचं शिक्षण सातवी. लहानपणापासून लग्न होईपर्यंत तिने डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या.

काम असं होतं. पोराला झोळीत घालून काट्याला लटकवायचं. आया पोरं फक्त इंदुबाईच्या हातात द्यायच्या, मला जवळ फिरकू देत नसत. खाडीवरचा वारा बोचरा, म्हणून पोरं गोधडीत गुंडाळलेलीच असायची. मी लांब उभा राहून आकडा वाचायचो आणि कपड्यांचे म्हणून दोनशे ग्रॅम वजा करायचो. इंदुबाई तिच्या जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर वेगळं वजन करून तिच्या रजिस्टरात लिहायची.

एके दिवशी प्रणितने कॉम्प्युटरमधून यादी काढली. वाडीत चौतीस पोरं. तेवीस पोरांची दोन्ही वजनं थोड्याफार फरकाने जुळत होती. अकरा पोरांची मात्र इंदुबाईने फारच कमी लिहिली होती. मालूचा मुलगा जनू, वीस महिन्यांचा. माझ्या काट्यावर सात किलो तीनशे. इंदुबाईच्या रजिस्टरात सहा किलो चारशे.

"नऊशे ग्रॅम?" प्रणित म्हणाला. "स्प्रिंगचा काटा इतका चुकतो?"

"काटा नाही चुकत, बाई चुकवते," मी म्हणालो. "वजन फार कमी असलं की पोर कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत जातं. मग त्याला अंगणवाडीतला खाऊ, सुकडी, दुप्पट मिळते. अकरा पोरांची दुप्पट सुकडी. आता ती कुठे जाते, ते ओळख."

प्रणितने शीळ घातली. अनिता म्हणाली की आधी बाईला विचारू या. पण माझं डोकं गरम. माझा काटा दहा ग्रॅमपर्यंत अचूक, त्याच्यावर मी आठ महिने घालवलेले, आणि एक बाई त्याच्या नाकावर टिच्चून खोटे आकडे लिहिते! मी यादी माझ्या गाईडना दाखवली, त्यांनी नियमाप्रमाणे ती तालुक्याच्या ऑफिसात पाठवायला सांगितली. ऑफिसने त्या अकरा पोरांची दुप्पट सुकडी थांबवली आणि इंदुबाईला पुढच्या गुरुवारी चौकशीला बोलावलं. नोकरी जाणार हे उघडच होतं.

मग प्रतिक्षा आली आणि सगळा घोळ झाला.

ती मधले दोन आठवडे परीक्षेत होती. आल्या आल्या ती वाडीत गेली आणि टेपने पोरांचे दंड मोजून आली. मला म्हणाली, "हाशिम, तुझा काटा बघ एकदा. ती अकरा पोरं खरंच वाळलेली आहेत. जनूचा दंड माझ्या दोन बोटांत मावतो. सात तीनशेचं पोर असं नसतं."

"माझा काटा बरोबर आहे."

"मग माझी टेप चुकीची?"

"ते मला माहीत नाही. काटा बरोबर आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी रोह्याच्या बाजारात ओळखीच्या दुकानातून सरकारी शिक्क्याची वजनं मागून आणली. अर्धा किलो, एक, दोन, पाच. काटा बरोबर. वजनं उलटसुलट लटकवून पाहिली, काटा उन्हात ठेवून पाहिला, ओल्या फडक्याने पुसून पाहिला. बरोबर. अम्मी म्हणाली, "अरे, पोरांचा काटा हाय ना, त्याच्या झोळीत चटणीचा पाटा कशाला घालतोस?" पाट्याचं वजनसुद्धा दुकानातल्या तराजूशी जुळलं.

आता मला काही कळेना. काटा खरा, तर टेप खोटी. टेप खरी, तर काटा खोटा. आणि इंदुबाई चोर असेल, तर चोराचा आकडा डॉक्टरच्या टेपशी कसा जुळतो? शिवाय चोरीलाही काही रीत असते. लुबाडायचंच असतं तर तिने प्रत्येक पोराचं सरसकट वजन कमी दाखवलं असतं. इथे एकाला चारशेचा फरक, दुसऱ्याला सहाशे, जनूला नऊशे. कुठलं गणित बसेना. प्रणितने तर आकड्यांचा आलेख काढला. पोर जितकं वाळलेलं, तितका फरक जास्त. म्हणजे माझा काटा अशक्त पोरांनाच नेमका जास्त जड दाखवत होता. काट्याला काय डोळे असतात?

मंगळवारी मी आणि प्रतिक्षा काटा घेऊन पुन्हा वाडीत गेलो. इंदुबाईने आमच्याकडे पाहिलंही नाही. "करा काय करायचा तो," एवढंच म्हणाली. मालू जनूला घेऊन आली. गोधडीत नुसतं डोकं दिसत होतं. इंदुबाईने त्याला झोळीत घातलं. मी आकडा वाचला. दोनशे वजा जाता सात किलो तीनशे, पूर्वीसारखंच.

तेवढ्यात जनूने शू केली. झोळी, गोधडी, सगळं भिजलं. मालू पाणी आणायला आत गेली, आणि इंदुबाई हो-नाही म्हणेपर्यंत प्रतिक्षाने पोराला बाहेर काढून त्याची ओली गोधडी सोडवली. गोधडीच्या आतल्या घडीतून एक गाठोडं धप्पकन माझ्या पायाशी पडलं. मी उचललं. नारळाएवढं. गाठ सोडली तर आत खडेमीठ.

मालू दारात आली आणि तिथेच थबकली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने माझ्या हातातलं मीठ ओढून घेतलं, उघड्या पोराला पदराखाली घेतलं आणि रडायलाच लागली. "दिसला ना! उघडा दिसला ना माजा पोर काट्यावर!"

"नाय गो, नाय दिसला," इंदुबाई म्हणाली. "काटा बंद होता. घरी जा तू. मी येतंय." मग तिने दार लोटलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

तिच्या बोलण्यातून जे कळलं ते असं. या वाडीत पोराला एकट्याला काट्यावर चढवत नाहीत. एकट्याचं वजन केलं की ते मरणाला, पोर उचलून नेणाऱ्याला, कळतं, अशी समजूत. म्हणून मीठ बरोबर ठेवायचं, वजन मिठासकट व्हायचं. नजर लागली तर मिठाला लागते. आणि जिचं पोर अशक्त, तिला भीती जास्त, म्हणून तिचं मीठही जास्त. ठणठणीत पोराच्या आईने चिमूटभर बांधलं तरी चालतं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी काय? झोळीत घालतांना हात लागतोच. मीठ किती ते मना हातानं कळतं. सगला जलम मीठच उचललंय. काट्याचा आकडा येतो, त्यातून मीठ काढतंय, आनि उरलं ते लिवतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनाला सांगू? ऑफिसात? माज्या आदीच्या बाईनं मीठ काढून फेकलं व्हतं. आठ म्हयने एक पोर अंगनवाडीत आला नाय. कोन वालतंय, कोन सुकतंय, कोनाला ठाव नाय. दोन पोरं गेली त्यात. मी आलं, तवा बायांना सबूद दिला. मिठाचं बाहेर बोलनार नाय."

"पण तुमची नोकरी जातेय!"

"जाऊ दे. बाया पोरं आनतात ना? दुसरी बाई येईल, तिला हातानं मीठ तोलायला शिकवीन."

मला तिचा राग आला. नंतर माझाच आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता आणि फाशीचा दोर मी वळला होता. प्रतिक्षा म्हणाली की गुरुवारी ऑफिसातल्या साहेबांना खरं सांगून टाकू. मीही मान हलवली. पण परतताना जीपमध्ये पुढचं सगळं दिसायला लागलं. सांगितलं की ऑफिस पत्रक काढणार, पोरं उघडी करून तोला. मग एकही आई येणार नाही. नाही सांगितलं तर इंदुबाई घरी बसते, आणि जनूची दुप्पट सुकडी बंदच राहते. "मीठ नंतर गुपचूप तोललं तर?" मी विचारलं. "आयांच्या गोधडीतून ते तू काढून घेणार?" प्रतिक्षा म्हणाली. मी इंजिनीअर. आठ महिने मला वाटत होतं की आकडा बरोबर आला की प्रश्न संपतो.

गुरुवारी ऑफिसात साहेबांच्या टेबलावर इंदुबाईचं रजिस्टर आणि प्रणितची यादी शेजारी शेजारी. इंदुबाई उभी. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी तिला दोनदा बसायला सांगितलं.

"बाई, एवढा फरक कसा?"

"चूक झाली साहेब," इंदुबाई म्हणाली. "मना आकडे नीट वाचता येत नायत."

सोळा वर्षं सेविका असलेली बाई. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. साहेबांनी पेन उचललं. प्रतिक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार आहे ते मलाच ठाऊक नव्हतं, खरंच नव्हतं. मी उठलो आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, काटा चुकला."

"कुठला काटा?"

"आमचा. खारी हवा आत गेली. कमी वजनाला तो जास्त दाखवतो. बाईंचे आकडे बरोबर आहेत."

प्रणित खुर्चीतच ताठ झाला. प्रतिक्षाने लगेच दंडांची मापं पुढे ठेवली. ती तर खरीच होती. साहेबांनी ती रजिस्टराशी ताडून पाहिली. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "लेखी द्या." मी लिहून दिलं. काटा सदोष आहे, त्यावरची सर्व वजनं रद्द समजावीत. खाली सही केली, नाव, कॉलेज, सगळं. अकरा पोरांची सुकडी सोमवारपासून पुन्हा दुप्पट झाली, आणि इंदुबाई त्याच दुपारी अंगणवाडीत गेली.

बाहेर प्रणितने मला शिव्या घातल्या. चार महिन्यांचे आकडे पाण्यात गेले होते, त्याचेही आणि अनिताचेही. त्याचं काही चुकत नव्हतं. इंदुबाई मात्र आभार मानायला आली नाही. एसटीच्या थांब्यावर गाठून म्हणाली, "तू कशाला खोटं बोललास? तुजं शिकशान हाय. माजं काय, म्हातारपन." सबूद तिने दिला होता, मी का पाळला, ते मलाच नीट कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुंबईला गाईडनी मला बोलावलं. साहेबांचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांनी स्वतः काटा उघडला, प्रयोगशाळेतली वजनं एकेक करून लटकवली. मला हा काटा बनवायला त्यांनीच शिकवलं होतं, पहिला आकडा आला तेव्हा स्वतःच्या पैशाने पेढे आणले होते.

"हाशिम, हा अचूक आहे," ते शेवटी म्हणाले. "खारी हवा नाही, गंज नाही, काही नाही. मग तू असं लिहून का दिलंस?"

सांगावंसं फार वाटलं. पण सरांना सांगितलं असतं तर त्यांनी शोधनिबंधात लिहिलं असतं, लिहायलाच हवं होतं त्यांनी. मग तो निबंध ऑफिसात गेला असता, आणि मालूने जनूला पुन्हा कधी आणलं नसतं.

"सर, आकडे मीच नीट वाचले नसतील," मी म्हणालो.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्याला आपण काय वाचलं हे सांगता येत नाही," ते म्हणाले, "त्याने मोजमापाच्या कामात राहू नये."

मी "हो सर" म्हणालो. काटा त्यांनी ठेवून घेतला.