तुळजारामची झोप

झोपलेल्या माणसाचा एवढा तिरस्कार कुणी करतं का हो? संतपूरची म्हाळसा करत होती. नवरा तुळजाराम भाद्रपदापासून भर दिवसा झोपायचा. मेंढरं लोकांच्या सोयाबीनमध्ये शिरायची, लोक भांडायला दारात यायचे, आणि हा कडुनिंबाखाली पसरलेला, नाकावर गोमाशी बसली तरी हात न हलवणारा.

"बघा, आमचे राजे पहुडलेत," ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. "वारा घालायला माशा ठेवल्यात."

त्यांची घोडीही त्याच महिन्यात पेंगून पेंगून मेली. तिला बघायला आलेले जनावरांचे डॉक्टर सुनीलकुमार जाताना तुळजारामजवळ थबकले. "गोमाशी चावून घोडीच्या रक्तात किडा गेला, तो मेंदूत चढला. माणसाला सहसा होत न्हाई. पण ह्यांना कलबुर्गीला न्या, रक्त तपासा. उशीर केलात तर माणूस हाती लागायचा न्हाई."

लेक शिवकन्या लगेच कपडे भरायला लागली. म्हाळसानं पिशवी हिसकून घेतली. "आळस काय रक्तात दिसतोय व्हय? कामून जायचं?"

"आई, अप्पा हातचे जातेल गं."

"झोपून कुणी मरत न्हाई."

त्या दुपारी तुळजाराम झोपेत बोलायला लागला. आवाज मात्र म्हाळसाचा, तिचाच तो नाकातला हेल. आधी तिचे रोजचेच टोमणे निघाले: राजे, ऐतखाऊ, मढं.

"म्हाळसाक्का, तुमचा पोपट पढला की!" शेजारची राजूबाई खदखदून हसली. म्हाळसालाही हसू आलं.

मग भाकरी थापता थापता तिच्या मनात आलं, याच्यापेक्षा घोडी गुणाची होती. ते ओठांवर यायच्या आधीच कडुनिंबाखालून ऐकू आलं, "याच्यापेक्षा घोडी गुणाची होती." तिचा हात परातीतच थांबला.

दिवेलागणीला शिवकन्या सकाळची जीप ठरवून आली. मनात काही येऊ नये म्हणून म्हाळसा चुलीतल्या जाळाकडं बघत राहिली.

तुळजाराम डोळे मिटूनच, शांतपणे, तिच्या आवाजात म्हणाला, "जीप कशाला? मरू दे की एकदाचा."

शिवकन्येनं वळून आईकडं पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते. मी नाही बोलले, असंही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली तेव्हा तुळजाराम गेलेला होता. बायका जमल्या, शिवकन्येनं हंबरडा फोडला, आणि म्हाळसा मयताच्या उशाशी बसल्या बसल्या गाढ झोपली होती. राजूबाईनं तिला गदागदा हलवलं. ती उठली नाही.