डाव्या हातातली थैली

हिवरखेडच्या जानराव तायडे यांच्या डाव्या हातात वर्षभरापासून एक कापडी थैली असायची आणि त्या थैलीत बहुतेक वेळा काहीही नसायचं. बाजाराला जाताना थैली घेतली तर कोणीही समजून घेईल. पण जानराव विहारात जाताना थैली घेत, दाढीला जाताना घेत, मयतीलाही थैली घेऊनच गेले. शेजारच्या बुधाजीनं तर एकदा भर चौकात विचारलं, "जानरावजी, मेल्यावरही नेता का हे थैली?" जानराव हसले आणि पुढे निघाले. माणूस रिटायर झाला की असाच बिघडतो, असं गावानं ठरवून टाकलं. जानरावांना ते चालत होतं. डोकं बिघडलं म्हणा, हात बिघडला हे कळू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

हात दुखत नव्हता. दुखला असता तर तेल चोळून मोकळे झाले असते. तो फक्त चालताना हलेनासा झाला होता. पायांबरोबर मागेपुढे व्हायला हाताला कोणी शिकवत नाही, आणि जानरावांच्या डाव्या हातानं ते काम कोणाला न विचारताच सोडून दिलं. शर्टाच्या गुंड्या लावायलाही वेळ लागू लागला. उभी हयात लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर काढलेला माणूस, आता गुंडीशी झगडताना दार लावून घ्यायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांच्या शिट्टीवर गावाचं लेझीम पथक फिरायचं. हात ऐन चौकात दगा देईल या धाकानं त्यांनी यंदा शिट्टी दुसऱ्याकडे दिली. "आता पोट्ट्याईले करू द्या," असं म्हणाले, तर लोकांनी वर मोठ्या मनाचा माणूस म्हणून नाव घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ सगळ्यात जास्त झाकायची होती ती पोरापासून. त्यांचा एकुलता एक धम्मदीप अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात संशोधन करत होता, आणि विषय काय, तर धावताना हात काय करतात. "लोक धावनाऱ्याचे पाय पाह्यतात, आमचा पोरगा हात पाह्यते," असं जानराव गावभर सांगायचे. दिवाळीनंतर त्याला बंगळूरच्या एका मोठ्या क्रीडासंस्थेत रुजू व्हायचं होतं. मोठमोठ्या धावपटूंची चाल तिथं मोजतात. आणि बापाचं हे दुखणं कळलं तर पोरगा जाणार नाही, हे जानरावांना पक्कं ठाऊक होतं. आईला कावीळ झाली तेव्हा हाच पोरगा पुण्याचं शिबिर अर्ध्यावर टाकून घरी आला होता आणि ती उठून भाकरी थापायला लागेपर्यंत हलला नव्हता.

म्हणून त्याचा फोन आला तेव्हा जानराव चरकले.

"बाबा, मले एक मानूस कमी पडून राहिला," धम्मदीप म्हणाला. "साठीच्या वरचा, जवानीत खेळलेला. चाल मोजाची हाय. तुमी येता का?"

नाही म्हणायला जीभ उचललीच होती. पण या पोरानं आजवर काही मागितलं नव्हतं. शाळेत असताना बूट फाटला तर बोट आत ओढून चालायचा, पण बापाला सांगायचा नाही. आज पहिल्यांदा तो काही मागत होता.

"येतो," जानराव म्हणाले.

निघताना दुर्गाबाईंनी भाकरी-ठेचा बांधला, थैलीत घातला आणि थैली नेहमीसारखी नवऱ्याच्या डाव्या हातात दिली. उजव्या हातात त्यांनी ती कधीच दिली नव्हती. का, हे जानरावांनी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"जसे चालता तसेच चालजा तिथी," त्या म्हणाल्या.

अकोटला गाडी बदलायची होती. जानरावांनी स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन तालीम केली. मन लावलं की हात हलायचा. मन जरा इकडेतिकडे गेलं की थांबायचा. "काका, कोनाले बोलावून राहिले?" असं एका कंडक्टरनं विचारलं तेव्हा तालीम संपली. दर्यापूर येईपर्यंत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की चाल मोजणाऱ्या यंत्रापुढे मन म्हणून कुठं जाऊ द्यायचं नाही. दहा-वीस पावलांचा तर प्रश्न आहे, खांबावर वाऱ्यात तोल सांभाळला, इथं एक हात सांभाळता येणार नाही का?

कॉलेजातला तो हॉल लांबलचक होता आणि भिंतींवर चहूकडे कॅमेरे लावले होते. धम्मदीपबरोबर काम करणारी माधवी म्हणून अकोल्याची एक मुलगी होती. तिनं जानरावांना बनियन आणि अर्ध्या चड्डीवर यायला सांगितलं. सुनेच्या वयाच्या पोरीसमोर असं उभं राहायचं म्हणजे जानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र भराभर त्यांच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, गुडघ्यांवर चकाकणारे छोटे गोळे चिकटवले. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, हे गोळे तेवढे दिसतात, असं तिनं समजावलं.

"आता तिथपर्यंत चाला, काका. अन् ती थैली द्या माझ्याजवळ."

"थैली असू दे की."

"थैली घेऊन चाल मोजता नाही येत, काका. घरी चालता तसे चाला."

"घरी मी थैली घेऊनच चालतो," जानराव म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

थैली गेली. जानराव दात आवळून निघाले. डावा हात त्यांनी असा काही हलवला, की तो डाव्या पायाबरोबरच पुढे जाऊ लागला. त्यांना वाटलं काहीतरी चुकतंय, म्हणून पाय बदलला, तर उजवाही हात गोंधळला. माधवीनं ओठ दाबून हसू आवरलं. "पोलिसातला नवा भरती परेडमध्ये चालतो तसं होऊन राहिलं, काका."

धम्मदीप हसला नाही. तो कॉम्प्युटरसमोरून उठला आणि बापाजवळ येऊन उभा राहिला.

"बाबा, थे वादळाची गोष्ट सांगा न मले. तेल्हाऱ्याची लाइन पडली होती, थे. चालता चालता सांगा."

आता या गोष्टीपुढे जानरावांचा इलाज चालत नसे. ही त्यांची लाडकी गोष्ट. त्या वादळात त्यांनी एकट्यानं तार ओढून सरकारी दवाखान्याचा लाइट आणला होता आणि आत एक बाई बाळंत होत होती. "अरे, काय सांगू तुले," असं म्हणत ते निघाले. खांब आडवा कसा झाला, साहेबाचा फोन कसा लागेना, चिखलात जीप कशी रुतली, सगळं सांगत गेले. हॉलच्या टोकाला वळले, परत निघाले, आणि बाळ रडल्याचा आवाज कसा खांबावरून ऐकू आला तिथपर्यंत पोचले, तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावर गेली.

पडद्यावर ठिपक्यांचा नि रेघांचा एक माणूस चालत होता. त्याचा उजवा हात झकास मागेपुढे होत होता. डावा नुसताच लोंबत होता, तुटलेली तार खांबावरून लोंबते तसा.

जानराव थांबले. गोष्ट अर्धीच राहिली. माधवी शहाणी पोरगी, ती चहा सांगायला म्हणून बाहेर गेली.

"कवापासून?" धम्मदीपनं विचारलं.

"काय कवापासून?"

"थैली."

धम्मदीपनं खिशातून मोबाइल काढला आणि बापासमोर धरला. जयंतीची मिरवणूक होती. लेझीम पथक पुढे चाललं होतं आणि कडेनं, नव्या पांढऱ्या शर्टात, डाव्या हातात थैली घेऊन जानराव चालले होते. ज्यानं वर्षानुवर्षं ते पथक फिरवलं, तो माणूस पाहुण्यासारखा कडेनं.

"आईनं शेजारच्या पिंकीजोळून पाठोला, मांगच्या आठवड्यात. संग एक शब्द नाई लिहिला," धम्मदीप म्हणाला. "मी दहादा पाह्यला, बाबा. मिरवणुकीत थैली कोन नेते?"

"मंग मानूस कमी पडला म्हने तू?"

"नव्हता पडला. घरी इचारलं असतं, तर तुमी थैली घेऊन बाहेर गेले असते." त्याचा आवाज फाटला. "मी लोकाईच्या पोराईचे हात मोजत बसलो अन् माह्या बापाचा हात मले आईनं दाखोला."

पोरगा रडतोय हे पाहून जानरावांना हाताचं काही वाटेनासं झालं. ते त्याच्या शेजारी स्टुलावर बसले. जी गोष्ट वर्षभर छातीवर धोंड्यासारखी होती, तीच पहिल्यांदा तोंडातून निघाली.

"तू बंगळूरले जाशील न?"

"याच्यासाठी लपोलं तुमी?"

"मंग काहून लपवीन? मले का हातानं आता खांब चढाचा हाय?"

धम्मदीपनं डोळे पुसले. मग बापाचा डावा हात मांडीवर घेऊन तो हळूहळू बोटं मोकळी करू लागला. आपण डॉक्टर नाही, असं त्यानं आधी सांगितलं. माधवीच्या ओळखीचे मेंदूचे एक डॉक्टर अकोल्यात आहेत, आज संध्याकाळी निघू, सकाळी दाखवू. मेंदूकडून हाताला जाणारा हुकूम कुठंतरी मंद झाला असावा, असं त्याला वाटत होतं.

"बरं होते का थे?"

"मले वाटते थे असन, तर पुरं नाई जात," धम्मदीप म्हणाला. बापाशी त्याला खोटं बोलता येईना. "पन गोळ्या हाय. अन् अर्धं औषध म्हंजे चालनं, खेळनं. सोडलं का शरीर जास्त विसरते. तुमी लेझीम काहून सोडली?"

"हात चुकला असता चौकात."

"चुकला होता का?"

जानराव विचारात पडले. चुकला नव्हता. चुकेल म्हणून त्यांनी लेझमेला हातच लावला नव्हता.

धम्मदीप उठला आणि कॉलेजच्या सामानाच्या खोलीतून लेझीम घेऊन आला. जानरावांनी ती उजव्या हातात धरली, साखळीची मूठ डाव्यात घेतली. वर्षभरानंतर तो लोखंडी खळखळाट कानात गेला. धम्मदीपनं टेबलावर ताल धरला. पहिले दोन ठोके हात चाचरला. मग पाठीला आठवलं, गुडघ्यांना आठवलं, आणि बनियन नि चड्डीतले जानराव त्या हॉलमध्ये वाकून, वळून, पुढे मागे होत खेळू लागले. चहा घेऊन आलेली माधवी दारातच उभी राहिली.

"आता लेझीम ठेवा," धम्मदीप म्हणाला. "ताल तोंडात ठेवा अन् चाला."

"एक, दो, तीन, चार," जानराव पुटपुटत निघाले. पडद्यावरच्या ठिपक्यांच्या माणसाचा डावा हात हलला. उजव्याएवढा नव्हे, निम्मासुद्धा नव्हे. पण कोणी ओढल्याशिवाय हलला. जानराव पडद्याकडे पाहत राहिले आणि त्यांना आपल्याच हाताची माया आली. वर्षभर त्याला थैलीखाली दाबून ठेवलं होतं, चोर असल्यासारखं.

"मी बंगळूरले जातो," धम्मदीप म्हणाला. "पन जयंतीले येईन, तवा शिट्टी तुमच्या तोंडात पाह्यजे. अन् हे थैली बंद."

"हात चुकला चौकात तर?"

"चुकू द्या. लोक पाह्यतीन अन् इसरतीन. शिट्टी तर वाजन न?"

जानरावांनी मान हलवली. पोरगा जाणार होता, मग बाकीचं पाहून घेता येण्यासारखं होतं.

संध्याकाळी दोघं अकोल्याच्या गाडीसाठी स्टँडवर आले. रिक्षातून उतरताच जानरावांचा हात सवयीनं थैलीकडे गेला. धम्मदीपनं ती आधीच उचलली होती. उरलेल्या भाकरीची ती थैली खांद्याला अडकवून तो बापाच्या डाव्या बाजूनं चालू लागला. गर्दी होती. रिकामा हात घेऊन गर्दीतून चालणं जानरावांना पहिल्यांदा उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटलं. धम्मदीप हलक्या आवाजात ताल म्हणत होता, तोच ताल त्यांनी लहानपणी त्याला अंगणात शिकवला होता.

आणि नेमका बुधाजी भेटला. मुलीकडून परत निघाला होता. त्यानं जानरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गडगडाटी हसून विचारलं, "जानरावजी, थैली कुठी गेली आज?"

जानराव थांबले. त्यांनी शेजारी पाहिलं.

"पोराजोळ देल्ली," ते म्हणाले, आणि हात हलवत गाडीकडे निघाले.