राखणदाराच्या वाट्याचे चिरे

ऐनाच्या वळणावर अख्खी वाडी लोटली होती. चढणीच्या तोंडाशी जांभ्या चिऱ्यांनी ठासून भरलेला ट्रेलर उभा होता. त्याच्यापुढे नारळ धरून भिकूबुवा घुमत होता आणि मागे, अगदी चाकांना लागून, बायाबापड्या दाटल्या होत्या. भरल्या गाडीमागून चालेल त्याच्या घरावर वाडीच्या राखणदार देवाची नजर राहील, असं बुवाने सांगून ठेवलं होतं.

"बा राखणदारा, लेकरांनी तुजी घुमटी बांधलानी. आता भरल्या गाडीला वाट दे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

दीपाली गर्दीतून वाट काढत पुढे सरकत होती. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची, आणि ट्रॅक्टरवर तिचा नवरा रितेश बसला होता. याच वळणावर दिवाळीपासून ट्रेलरचे एक्सल वाकत होते, स्प्रिंगचे पाटे तुटत होते. शेवटचा ट्रेलर तर मागे घरंगळला आणि हमाल रघूचा पाय चिरडून गेला. तो अजून रत्नागिरीला इस्पितळात पडून होता.

तेव्हाच बुवाच्या अंगात आलं. राखणदार कोपलाय, म्हणाला. उपाय एकच: प्रत्येक गाडीने चढणीखाली चिऱ्यांचा वरचा थर उतरवून राखणदाराला द्यायचा. आणि काय आश्चर्य! त्या दिवसापासून एकही गाडी मोडली नाही. बुवाचा जयजयकार झाला. घुमटी झाली कमरेएवढी. उरलेले चिरे बुवाच्या नव्या घराला लागले. राखणदाराला बुवाच्या भिंतींची एवढी काळजी का, हे कोणी विचारलं नाही. घर उभं राहिलं तशी देवाची भूकही भागली.

"आता थर नको, नारळ पुरे. कितीबी भरा!" हा नवा कौल ट्रेलरमालक आप्पांना भलताच गोड लागला. आज त्यांनी नेहमीपेक्षाही जादा माल भरून घेतला होता.

बुवाने नारळ फोडला. रितेशने किल्ली फिरवली.

"थांबा!" दीपाली ट्रॅक्टरच्या आडवी आली. तिने पिशवीतून लोखंडाचा तुकडा काढला. "रघूच्या अपघातातला हा पाटा. आप्पांच्या अंगणात पडला होता. तुटलेली बाजू बघा. एका फटक्यात तुटला असता तर सगळी चकचकीत दिसली असती. ही निम्मी गंजलेली आहे. म्हणजे चीर आधीपासून होती, आणि दर खेपेच्या जादा वजनाने ती वाढत गेली."

"बाई, मग थर दिल्यावर गाड्या कशा चढल्या?" आप्पा गुरकावले.

"थर दिला म्हणूनच चढल्या! वजन उतरलं, पाट्यांचा जीव वाचला. बुवा चिरेखाणीवर मुकादम होता. गाडीला किती झेपतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

"देवाची निंदा करतंस!" बुवा कडाडला. "तुज्या घोवावरच उलटंल!"

दीपालीने ट्रॅक्टरवरच्या रितेशकडे पाहिलं. पण मागे चाकांजवळ उभ्या बाया तिला दिसत होत्या.

"तुमचा नारळ फुटलाय ना, बुवा? मग सगळ्यांना बाजूला करू या. चाकामागे तुम्ही एकटे चाला."

बुवाने डोळे उघडले, चिऱ्यांच्या राशीकडे पाहिलं, मग चाकांकडे.

"मना... मना पुढं ऱ्हायचा हुकूम हाय," तो पुटपुटला आणि दोन पावलं सरकला.

बाया एकेक करून चाकांपासून दूर झाल्या. रितेशने इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले आणि ट्रेलरखाली वाकून पाहिलं. पाटे पार सपाट झाले होते. मधल्या पाट्याला बोटभर चीर होती. तो बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"वरनं उतरवा रे सगळं," तो म्हणाला. "मी नाय नेत."

दीपालीचे डोळे भरून आले. "नारळ फोडा, मी अडवत नाही," ती लोकांना म्हणाली. "पण देव कोपला म्हणण्याआधी गाडीखाली वाकून बघा. लोखंडाला नवस कळत नाही, वजन कळतं."

गर्दीतून रघूची आई, कमलाबाई, पुढे आली.

"मग माज्या रघूचा पाय राखणदारान नाय घेतलान?"

"नाही कमलाबाई. वरच्या थराने घेतला."

"आणि तो थर भराया लावलान कोणी?"

"ते राखणदाराला विचारू नका," दीपाली म्हणाली. "आप्पा इथेच उभे आहेत. त्यांना विचारा."