आधी शेळीनं खावं

गवताची गंजी वरून सोन्यासारखी पिवळी होती, आतून मात्र पार नासलेली. गाडीवानानं आत हात घातला तशी राखाडी धूळ उडाली आणि नाकात ओल्या पोत्याचा वास भरला. बुरशी. वरपासून तळापर्यंत बुरशी. बाजारात वाळकं गवत औषधालाही मिळत नव्हतं. आणि इकडे दाराशी त्याची घोडी उभी होती, वखारीतल्या फळ्या ओढून ओढून छातीवरचे केस झडलेली, भुकेनं खुरांनी माती उकरणारी.

चारा नव्हता, पण सल्ल्यांना तोटा नव्हता.

"गव्हाचं काड घाल," नालबंद म्हणाला.

"नुसत्या काडावर ठेवशील तर पोट धरेल तिचं," पेंडवाला म्हणाला. "या बीटाच्या चोथ्याच्या गोळ्या ने. साखर काढून घेतली की उरतो तो चोथा, दाबून वाळवलेला. पण भिजवून दे हं. चांगल्या फुगू देत."

"किती वेळ भिजवू?"

"फुगेपर्यंत."

"फुगल्या हे कसं कळायचं?"

"अरे, फुगल्या की कळतं!"

बागेतला माळी म्हणाला, मैदानावरचं यंत्रानं कापलेलं गवत ने, ढीग पडलाय. ढिगात हात घातला तर आत भाकरीच्या तव्यासारखं गरम. हे गवत की भट्टी? गाडीवान गोळ्यांचं पोतं तेवढं घेऊन परतला. डोक्यात काड, चोथा, ढीग, सगळ्यांचा एकच काला झाला होता.

घरी थोरल्या बहिणीनं, अक्कानं, तीन शेळ्या पाळल्या होत्या. वडिलांच्या वेळेपासूनचा घरचा एक नेम होता: नवं काहीही असो, आधी शेळीनं खावं. दुपारपर्यंत शेळी हसतीखेळती राहिली, तर ते घोडीच्या तोबऱ्यात घालायचं. चाळीस वर्षांत हा नेम एकदाही खोटा ठरला नव्हता. एकदा तर बांधावरच्या कुठल्याशा निळ्या फुलांना शेळीनं नाक मुरडलं म्हणून घोडी वाचली होती, असं वडील सांगत.

सकाळी त्यानं मूठभर गोळ्या शेळ्यांपुढे टाकल्या, तशाच कोरड्या. कुडुमकुडुम करत त्यांनी फस्त केल्या आणि भिंतीच्या सावलीत बसून डोळे मिटून रवंथ करू लागल्या. तो अर्धा दिवस त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"अक्का, हिला काही झालंय का गं?"

"झालंय ना. तुझ्यापेक्षा शहाणी झालीय."

झालं तर मग! शेळीला कोरडं पचलं, भिजवण्याचं खूळ पेंडवाल्याचं. त्यानं तोबरा काठोकाठ भरला आणि घोडीच्या तोंडाला बांधला. ती त्यावर तुटून पडली. गोळ्या चावल्या कुठे, गिळल्याच.

दहा घास झाले नसतील, घोडीनं मान लांबवली. ताठ, पुढे, जणू कुणी दोरीनं ओढतंय. खोकली. पुन्हा खोकली. त्यानं घाईघाईनं तोबरा काढला. दोन्ही नाकपुड्यांतून मातकट फेस आणि चोथ्याचं पाणी वाहू लागलं. कानामागे घाम फुटला.

नालबंद धावत आला. "तेल पाज! घसरून जाईल!"

"फिरव तिला," वखारीतला हमाल ओरडला.

"नको, उभी ठेव!" दुसरा ओरडला.

गाडीवानाच्या एका हातात तेलाची बाटली आली, दुसऱ्यात दावं. फिरवू की थांबवू, पाजू की नको? त्यानं घोडीकडे पाहिलं. तिचे डोळे त्यालाच विचारत होते, आणि त्याला तर काहीच ठाऊक नव्हतं. बाटली तोंडाशी नेली तेवढ्यात अक्कानं ती हिसकावली. तिच्या कानाला फोन होता.

"गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतायत, तोंडात थेंबही घालू नका! छातीत उतरेल. मान खाली राहू दे. बाकी सगळे लांब व्हा!"

डॉक्टरीणबाई आल्या, गुंगीची सुई दिली. घोडीचं डोकं झुकलं. मग नाकपुडीतून लांब नळी आत सरकवली आणि कोमट पाण्यानं अडकलेलं धुवायला लागल्या. पाणी जाई, लगदा बाहेर येई. पाणी जाई, लगदा येई. तासभर. शेवटी नळी सरळ पोटापर्यंत गेली, तेव्हा कुठे बाईंनी कपाळ पुसलं.

"कोरडा चोथा घातलात?"

"आधी शेळीला दिला होता बाई. तिला काही झालं नाही."

"शेळी खाल्लेलं परत तोंडात आणते, चावते. घोड्याला ते नाही. उलटीही नाही. एकदा गिळलं की गिळलं. कोरडं असलं तर गळ्यातच फुगून बसतं."

गाडीवानानं पायाशी पडलेला तोबरा उचलला. मग वडिलांचं खोटं होतं? निळी फुलं खोटी? की वडिलांनी कधी असलं काही पाहिलंच नव्हतं, पाला आणि गवत सोडून? की गोष्ट सांगता सांगता त्यांनीच ती वाढवली होती? त्याला काही सुधरेना.

"आता हिला घालू तरी काय?"

"आज काही नाही. उद्या चोथा पेजेसारखा पातळ करून, थोडा थोडा. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू चांगलं काड मिसळायचं. आठवडाभर गाडी नाही."

"आणि शेळ्यांना?"

"त्यांना काय, पाला घाला!" बाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चोथा भिजवला. अक्कानं विचारलं, "फुगला का?" त्यानं बादलीत बोटं घातली. मऊ लागलं. अजून मऊ व्हायला हवं? त्यानं आणखी पाणी ओतलं. पुन्हा चाचपलं. आणखी ओतलं.

"अरे, आता पोहायला सोडतोस का तिला त्यात?"

त्यानं बादली पुढे केली. घोडीनं ओठ टेकवले, थांबली, हुंगलं. तो तिच्या मानेच्या डाव्या बाजूला डोळे लावून बसला. एक घोट. कातडीखालून एक लहानसा फुगवटा गळ्यापासून खाली सरकत गेला, खाली, आणखी खाली, छातीपाशी दिसेनासा झाला. गेला? की अडला? तो श्वास धरून राहिला.

घोडीनं दुसरा घोट घेतला.